हाकेआधीचा श्वास

२ फेब्रुवारी, रविवार

आलो एकदाचे! मिरजेहून निघालेला टेम्पो दुपारी खारसोंड्यात पोचला आणि माझा एकही व्हॉल्व्ह फुटला नाही. सगळे माझ्या साड्यांत गुंडाळले होते, लग्नातला शालू शेवटी कामी आला. निलेश म्हणाला, काचेच्या बाटल्यांना शालू आणि नवऱ्याला फाटका टॉवेल. मी म्हटलं, जुन्या अँप्लिफायरचे हे व्हॉल्व्ह आता बनत नाहीत, नवरे रोज बनतात.

हे घर आधी गणपतीचा कारखाना होतं. मालकांनी काम हमरापूरला भावाकडे हलवलं आणि आम्हाला भिंतभर फळ्या आयत्या मिळाल्या. कोपऱ्यांत अजून पांढरी पूड आहे, एका खोक्यात रंग न दिलेले उंदीर निघाले. मागचं दार उघडलं की मिठागरं, मग मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. भरतीला खाडीचं पाणी आमच्या अंगणापेक्षा उंच असतं, मध्ये काय तो बांध. हे ऐकून मी जरा चरकलेच.

निलेशला धाटावच्या कंपनीची बस हमरस्त्यावर मिळते आणि मला पेणचं कुरिअर जवळ पडतं. मुंबई-पुण्याचे शौकीन आजोबांच्या काळातले अँप्लिफायर मला पाठवतात. सगळ्यांची मागणी एकच, दुरुस्त कर पण आवाज बदलू नकोस. म्हणजे म्हातारीचं दुखणं काढा, पण सुरकुतीला हात लावू नका.

मला ते जमतं. उगाच नम्रपणा कशाला? बाबांनी मिरजेच्या दुकानात लहानपणीच माझे कान तयार केले. ते म्हणायचे, गाणाऱ्याचा सूर कुठलंही डबडं ऐकवतं, सुराआधी तो श्वास घेतो ना, तो ऐकू आला पाहिजे. वाईट दुरुस्तीत पहिला मरतो तो श्वास. माझ्या हातून आजवर एकाही यंत्राचा श्वास गेलेला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

शेजारीण फार गोड आहे. ठमाबाई नाव, सत्तरीच्या पुढची, एकटीच राहते. जन्म मिठागरावर गेला, पायांच्या भेगांत अजून मीठ बसलंय म्हणते. पहिल्याच दिवशी तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन आली आणि तेव्हापासून निलेश तिचा झाला. सुईत दोरा ओवायला निलेश, हंडा उचलायला निलेश. ती 'निलेशा' म्हणायचा अवकाश, हा ओ देऊन उंबऱ्याबाहेर.

या माणसाला ओ द्यायचा रोगच आहे. झोपेतसुद्धा देतो. लग्नानंतर एकदा खालच्या मजल्यावर कुणी कुत्र्याला हाक मारली, तर हा अंथरुणातून 'ओ' म्हणाला! आणि स्वतः हाक मारतो तेव्हा नाकाचं हाड वाढल्यामुळे आधी बारीक शीळ वाजते, मग 'मृणे'. शीळ वाजली की मी समजते, आता काहीतरी मागणार.

ठमाबाईने आज त्याला दटावलं. इथे म्हणे पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. खाडीत गेलेलेही हाक मारतात, पण त्यांना दोनदाच मारता येते. तिसरी हाक आली की समजायचं, माणूस जिवंत आहे. म्हणून गावात सगळे एकमेकांना तीनदा हाक मारतात, दुकानदारसुद्धा. निलेश म्हणाला, आम्ही रोह्याकडचे भातवाले, आमच्यात असलं काही नाही. मला मात्र कळलं की या गावात कुणाला घाई का नसते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज ठमाबाई निलेशच्या डोक्यावर चुंबळ ठेवून चक्क एक अँप्लिफायर घेऊन आली. लोखंडाचं धूड, मला दोन हातांनी उचलवेना. गावच्या देवळाचा होता. मोरूदादा इथे मंडपाचं आणि लाऊडस्पीकरचं बघतात, त्यांनी देवळासाठी नवे बॉक्स आणले आणि माळ्यावरचं जुनं सामान भंगारात काढलं. ठमाबाईने हा तेवढा घरी आणवून ठेवला होता.

आत उघडून बघितलं आणि जीव हरखला. कुणाचाही हात लागलेला नाही. ज्या कारागिराने तारा बांधल्या त्याने वेणी घालावी तशा बांधल्यात. लावला तर चालतोसुद्धा, पण तापला की घेरी येते. एक कंडेन्सर आतून गळतोय, त्यामुळे मोठा व्हॉल्व्ह लाल होतो आणि आवाज बुडतो. थोडं थंड झालं की परत वर येतो.

ठमाबाईने एवढंच सांगितलं, "आवाज तोच ठेव गो. फक्त मधेच मरू देऊ नको." पुण्याचे शौकीन दोन पानी मेल लिहून जे सांगतात ते हिने एका दमात सांगितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार, पौर्णिमा

आज गंमत झाली. म्हणजे सुरुवातीला गंमतच वाटली. जेवणाच्या वेळेला यंत्र नुसतं तापवत ठेवलं होतं. लहान स्पीकर जोडलेला, माइक काढलेला. बाहेर उधाणाची भरती. यंत्राच्या गुणगुणीतून एकदम पुरुषाचा आवाज आला. "ठमे… ठमे…" मग व्हॉल्व्ह लाल झाला आणि आवाज बुडाला.

जुनी यंत्रं वाटेल तो रेडिओ पकडतात, हे मला माहीत आहे. माझं लक्ष दुसरीकडेच होतं. हाकेआधी श्वास नव्हता. म्हटलं, बघा, गळका कंडेन्सर श्वास खातोय. वळून बघते तर दारात ठमाबाई. डोळ्यांना पदर लावून उभी.

मग तिने सांगितलं. चाळीसेक वर्षं झाली असतील. अशीच दुपार, अमावस्येचं उधाण, आणि बांधाला खांड पडली. बांध फुटला की तिचा नवरा जनू देवळात माइकवर बसायचा आणि एकेकाला नावाने बोलवायचा, प्रत्येकाला तीनदा. लोक माती घेऊन धावायचे. त्या दिवशी यंत्राला घेरी येत होती. दोन हाका बाहेर पडायच्या आणि आवाज बुडायचा. गावाने दोन मोजल्या, खाडीची हाक समजून दारं लावून घेतली. ठमाबाईनेही लावलं. शेवटी जनू माइक सोडून एकटाच टोपलीभर माती घेऊन खांडीत उतरला. बांधातून पाणी सोडायचं लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिथे सापडला, टोपली हातात.

"दोन झाल्या, तिसरी आली नाय," ठमाबाई म्हणाली. "मना ती तिसरी ऐकायची हाय."

मला जेवण गेलं नाही. रेडिओ असो नाहीतर काही असो, या बाईचं यंत्र मी नीट करून देणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

झालं! आणि काय झालंय! जुन्या कंडेन्सरचं मेण तापवून आतला सडलेला कागद काढला, त्याच नळीत नवा बसवला आणि वर परत मेण ओतलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल कुणी हातही लावला नाही. वीज साठवणारे मोठे कंडेन्सरही तसेच आतून ताजे केले. काढलेला गळका भाग डबीत ठेवलाय. जुनं काही फेकायचं नाही, ही बाबांची शिस्त.

दिवसभर चालवलं, घेरी नाही. माइक लावून मीच बोलले. बोलायच्या आधी घेतलेला माझा श्वास स्पीकरमधून असा स्वच्छ आला की अंगावर काटा आला. बाबांना फोनवर ऐकवलं. त्यांनी परत एकदा श्वास घ्यायला लावला. मग म्हणाले, पोरी, हे तुझं सगळ्यात चांगलं काम. मी रडले थोडी. निलेशने पेणहून जिलबी आणली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार, अमावस्या

ठमाबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली आणि यंत्रासमोर पाट घेऊन बसली. मला हसू येत होतं. बारा वाजून गेले. बाहेर पाणी बांधाच्या काठोकाठ.

ठमे. ठमे. आणि यंत्र बुडालं नाही. तिसऱ्यांदा, ठमे.

ती "ओ, आले" म्हणाली. इतक्या साधेपणाने, जणू नवरा शेतावरून हाक मारतोय आणि ही चुलीपुढून उठतेय. माझ्या गालावरून हात फिरवला, पाट भिंतीला लावला आणि घरी गेली.

मी सुन्न बसून आहे. रेडिओ नव्हता हे मान्य करते. आणि एक गोष्ट कारागीर म्हणून खटकते. श्वास आलाच नाही. माझा येतो माइकवरून, मग याचा का नाही? बघायला हवं.

संध्याकाळी — ठमाबाई घरी नाही. दार सताड उघडं. निलेश आणि मोरूदादा बांधावर शोधायला गेलेत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ओहोटीला सापडली. उघाडीपाशी, चिखलात. हातात टोपली, टोपलीत माती. निलेशने खांदा दिला, आणि घरी येऊन लहान मुलासारखा रडला.

गाव म्हणतं, म्हातारी होती, पाय घसरला. टोपलीबद्दल कुणी बोलत नाही. मीही बोलले नाही.

७ मार्च, शुक्रवार

यंत्रावर जुनी साडी टाकून ठेवलीय. दुसरी कामं घेतली, मन लागत नाही. निलेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बिचारीला इतकी वर्षं तिकडेच जायचं होतं, तू निमित्त झालीस. बरं वाटावं म्हणून म्हणाला. निमित्त या शब्दाने मला जास्तच लागलं.

१२ मार्च, बुधवार

उद्या होळी, आणि मोरूदादांचा नवा अँप्लिफायर आज जळाला. देवळाचा जुना दे म्हणून आले. मी नको म्हणणार होते, पण निलेश आधीच हो म्हणून मोकळा. मी त्याला बाजूला घेतलं, तर चिडवायला लागला, मिरजेची मिस्त्रीण भुताला भ्यायली! मोरूदादांसमोर माझी जीभ उचलली नाही. खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. माझं काम गावाला भोंग्यावर ऐकवायचा मोह होता.

१३ मार्च, गुरुवार, होळी

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

निलेश सकाळी तिसरी पाळी करून आला आणि झोपला. मी देवळात जोडणीला गेले. मोरूदादांनी माइकवर "हॅलो, हॅलो" केलं. त्यांचा श्वाससुद्धा भोंग्यातून सगळ्या गावावर गेला, बायका हसल्या. त्यांनी माइक बंद करून ठेवला. दुपार झाली होती, होळीचं उधाण भरत होतं.

भोंग्यातून ठमाबाई बोलली. निलेशा.

सगळं गाव जागच्या जागी थांबलं. लाकडं आणणारे, पुरणाची पातेली धरलेल्या बायका, सगळे. कुणी ओरडलं नाही. सगळे मोजत होते.

निलेशा.

मोरूदादांनी वायर उपटली. वायर त्यांच्या हातात होती. पण माझे कंडेन्सर ताजे, त्यांच्यात साठलेली वीज अजून दोन-चार क्षण पुरते. मी स्वतःच तशी पुरवली होती. त्या विजेवर तिसरी हाक आली.

मी धावले. गल्लीतून धावताना मला आमच्या खिडकीतून ऐकू आलं. झोपेतली, जड, नेहमीची.

"ओ."

तो खाटेवर उठून बसला होता. डोळे चोळत विचारत होता, कोण बोलवतंय गं?

१५ मार्च, शनिवार

मोरूदादा आले होते. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, माझी चूक झाली वहिनी. बोलावलेलं माणूस फार तर पुढच्या उधाणापर्यंत असतं, हेही म्हणाले. पुढचं उधाण म्हणजे अमावस्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी.

गावात आता निलेशला कुणी नावाने हाक मारत नाही. चहाच्या टपरीवर त्याला चहा देतात, पण बघतात दुसरीकडे.

मी जुना गळका कंडेन्सर परत लावला, व्हॉल्व्ह काढले, यंत्र माळ्यावर टाकलं. आता काय उपयोग? ओ दिली गेलीय.

१८ मार्च, मंगळवार

निलेश हसतो, जेवतो, पाळीला जातो. पण मी हाक मारली तर ओ देत नाही. एकदा नाही, दिवसभर बघितलं. येतो, बघतो, ओ देत नाही. मी म्हटलं, दे ना रे. फक्त एकदा दे. त्याने तोंड उघडलं, आणि काय म्हणायचं असतं ते त्याला आठवेना.

२१ मार्च, शुक्रवार

नखांत चिखल. कंपनीतून आला तरी नखांत चिखल.

मागच्या दाराशी मातीची ढेकळं रचून ठेवतोय. विचारलं तर म्हणाला, पाणी आत येतंय ना. बाहेर ओहोटी होती. मिठागरं कोरडी ठणठणीत.

२३ मार्च, रविवार

रोह्याला आलो, त्याच्या बहिणीकडे. अनिताताईंना सगळं सांगितलं नाही, फक्त तब्येत म्हटलं. खाडीपासून लांब, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथेही नदी आहे. दुपारी तीही फुगते. खाडीचं पाणी चढतं इथवर, ताई सहज बोलून गेल्या. निलेश गच्चीवर नदीकडे तोंड करून बसलाय.

२६ मार्च, बुधवार

ताप आहे त्याला. अंगावर, चाटलं तर खारट लागेल असं पांढरं — पुसते, परत येतं.

ताईंनी अंगारा लावला, डॉक्टरही आणले. डॉक्टर म्हणाले, उन्हाचं आहे.

बाबांशी बोलले. शुक्रवारी मिरजेला निघतोय. तिथे समुद्र नाही, खाडी नाही. कृष्णेला भरती येत नाही. हे मी देवाचं नाव घ्यावं तसं घोकतेय.

२८ मार्च, शुक्रवार

एस.टी. स्टँडवर पाण्याची बाटली घ्यायला वळले. नुसती वळले. त्याच्या मनगटाला बांधलेली माझी ओढणी बाकावर होती. गाठ तशीच.

फोन लावत राहिले. शेवटी कुणीतरी उचलला. निडी स्टेशनवरून बोलतो म्हणाला. फलाटावर चपला आणि फोन ठेवलेत, माणूस रुळांपलीकडे खाडीच्या अंगाला गेला. हाका मारल्या म्हणे त्याने.

किती मारल्या, विचारलं मी. वेडीच मी.

३१ मार्च, सोमवार

शनिवारी दुपारी भरती आली. ओहोटीला सापडला. आमच्याच गावच्या उघाडीला. निडी कुठे, खारसोंडे कुठे. टोपली कुणाची माहीत नाही. माती होती.

काल पाडवा. गावात गुढ्या.

बाबा येऊन बसलेत. जेव म्हणतात. मी नुसती —

६ एप्रिल, रविवार

बाबांना परत पाठवलं. दुकान बंद ठेवून किती दिवस बसणार? चल म्हणाले. आवरून येते म्हटलं. खोटं बोलले.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

मीच यंत्र माळ्यावरून उतरवलं. मीच व्हॉल्व्ह लावले. कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी, भरती भरल्यावर —

मृणे. मृणे.

आणि व्हॉल्व्ह लाल झाला. बुडाला. गळका कंडेन्सर आहे ना आत. मीच परत लावलेला.

त्याचाच आवाज. 'मृ' थोडा दाबून, 'णे' लांबवून. जगात दुसरं कुणी असं म्हणत नाही. नाकाची शीळ तेवढी आली नाही. ती हा सडका कंडेन्सर खातो. चांगला लावला तर शीळही येईल.

ठमाबाई, आत्ता समजलीस मला तू. दोन हाकांवर जगता येत नाही गं.

१७ एप्रिल, गुरुवार

अनिताताईंचा फोन. बाबांचा फोन. सगळे चल म्हणतात. मोरूदादा म्हणाले, फोडून खाडीत टाका ते. मी त्यांच्या अंगावर धावून गेले. मग माफी मागितली.

त्यांना सांगून ठेवलं, मी इथे नसले तर हे यंत्र मिरजेला बाबांकडे पाठवा. त्यांनी ओळखलं असावं. हो म्हणाले, खाली बघत. बाबा सांभाळतील. माझं सगळ्यात चांगलं काम आहे.

२६ एप्रिल, शनिवार

चांगला कंडेन्सर परत बसवला. हात अजिबात कापला नाही. सोल्डर सुरेख बसलं.

उद्या अमावस्या. केस धुतले. शालू काढला, त्यातले व्हॉल्व्ह टॉवेलात गुंडाळले. निलेश असता तर —

भीती वाटत नाही. वाटायला हवी. काहीच वाटत नाही, फक्त उद्या दुपार व्हावी.

२७ एप्रिल, रविवार, अमावस्या

लावलं. व्हॉल्व्ह पेटले. मागच्या दारातून दिसतंय, पाणी बांधाच्या काठाला —

मृणे.

मृणे.

धरून आहे. बुडत नाही. बुडत नाही —

मृणे.

ओ दिली. ओ, आले रे, म्हटलं.

शीळ नव्हती.

तिन्ही वेळा नव्हती. शीळ नाही, श्वास नाही. कंडेन्सर चांगला आहे. माझा श्वास आला होता यातून. मोरूदादांचा आला होता सगळ्या गावावर. यंत्रात दोष नाही, कधीच नव्हता — श्वास खाल्ला नाही कुणी. तिकडे श्वासच नाही.

हा निलेश नाही. तो जनू नव्हता. ती ठमाबाई नव्हती. नुसते आवाज, हुबेहूब, आणि मागे कुणी —

मी ओ दिली. कुणाला दिली

यंत्र मिरजेला जाईल. मीच सांगितलंय. मोरूदादा फोन उचलत नाहीत. बाबांचा लागत नाही. परत लावते — नाही —

जमीन ओली आहे. टोपली कुठून आली

बाबा, माझा आवाज आला तर ओ देऊ नका. तीनदा आला तरी नका. तुम्हीच शिकवलंत, आधी श्वास ऐका. बाबा, माझा श्वा